पुस्तक उघडलं आणि हात थांबला

पत्राचा सारांश: पत्रलेखक तिशीच्या आतले. गाव गडचिरोली जिल्ह्यात, वडसा-देसाईगंजच्या जवळ. घरी दोन एकर धान. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा पास झाले, पुढे शिकणं जमलं नाही. एका उस्तादांच्या हाताखाली पाट्या, भिंती आणि पडदे रंगवायला शिकले. दिवाळीनंतर झाडीपट्टी नाटकांचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचे पडदे, एरवी शाळांच्या भिंती आणि सरकारी योजनांच्या घोषणा. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम गेलं. काही वर्षांपासून ते स्वतःची चित्रंही काढतात: बांधी म्हणजे धानाची शेतं, बोडी म्हणजे लहान तळी, मंडईच्या जत्रेतली माणसं. नागपूरच्या एका शिबिरात एका ज्येष्ठ चित्रकारांनी ती पाहून म्हटलं, "हात चांगला आहे, पण यामागे वाचन नाही." ते मनाला लागलं. हप्त्यावर एक जाडजूड इंग्रजी चित्रसंग्रह मागवला. मजकूर समजत नाही, चित्रं पाहिली की आपलं सगळं फिकं वाटतं, आणि पावसाळा लागल्यापासून एकही चित्र पुरं झालेलं नाही. उस्ताद म्हणतात, "काहाले पायजे रे तुले पुस्तक? डोळे उघडे ठेव, हात चालव." पत्नीचं म्हणणं, तेवढ्या पैशांत खताची पोती आली असती. ते विचारतात, चित्रकाराला पुस्तकं खरंच लागतात का? लागत असतील तर माझ्यासारख्याने कोणती आणि कशी वाचायची? आणि वाचायला लागलो तर माझं चित्र माझं राहील का?

भाऊ,

तुम्ही पत्रासोबत पाठवलेले दोन फोटो मी बराच वेळ पाहत होते. त्यातल्या मंडईच्या चित्रापासूनच सुरुवात करते.

पुढे बांगड्या भरणारी बाई बसली आहे आणि तिच्यासमोर हात धरून एक मुलगी. त्या मुलीचा हात तुम्ही फार सुंदर काढलाय. बांगडी चढताना अंगठा आत दुमडतो, तळव्याची कड दाबली जाऊन पांढुरकी होते, हे तुम्ही नीट पाहिलंय आणि रंगात आणलंय. मग नजर मागच्या झाडांकडे जाते, आणि ती झाडं मला ओळखता आली नाहीत. मोह नाही, येन नाही, चिंच नाही. ती पडद्यावरच्या जंगलातली झाडं आहेत, कुठल्याही नाटकामागे चालतील अशी. आणि उजव्या कोपऱ्यात पळस लालभडक फुललाय. मंडई भरते दिवाळीनंतर. पळस फुलतो शिमग्याच्या सुमारास.

पळस कधी फुलतो हे मी तुम्हाला सांगावं असं काही नाही. तुम्हाला ते पक्कं ठाऊक आहे, पण तुमच्या हाताला त्याची आठवण राहिली नाही. कोपरा रिकामा दिसला आणि हाताने सवयीने तिथे लाल ठेवून दिला. नाटकाची तारीख तोंडावर असताना एवढं मोठं कापड भरून काढणारा तो हात आहे. प्रत्येक झाडापाशी थांबणं त्याला परवडतच नाही. ते तुमच्या धंद्याचं कसब आहे, आणि ते कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र स्वतःच्या चित्रातही तो हात तसाच, न विचारता पुढे निघून जातो. त्या ज्येष्ठांना 'वाचन नाही' म्हणताना हेच खुपलं असावं असा माझा अंदाज आहे. चित्राचा पुढचा भाग पाहून काढलाय, मागचा न पाहता. पुढच्या वेळी भेट झाली तर त्यांनाच सरळ विचारा, "म्हणजे नेमकं काय?" त्यांनी ते सांगायला हवं होतं. एवढं मोठं वाक्य बोलून उठून जाणं मला पटलेलं नाही.

चित्रकाराच्या कामात पुस्तकाची जागा मला इथे दिसते. सरावाने चालत्या हाताला ते अडवतं. हे झाड कोणतं, ही वेळ कोणती, उजेड कुठून येतोय, असं विचारायला लावतं. त्यामुळे पुस्तक उघडल्यावर हात थांबला याचं तुम्ही एवढं भय घेऊ नका. थोडं थांबणं हेच त्याच्याकडून हवं असतं. तुमच्या बाबतीत झालं एवढंच, की पहिलंच पुस्तक इतकं दडपून टाकणारं निघालं की हात थांबला तो थांबलाच. (आणि सगळं खापर पुस्तकावर फोडू नका. हे दिवस रोवणीचे होते. दिवसभर चिखलात वाकल्यावर रात्री ब्रश उचलला गेला नाही, यात कला कमी पडली असं काही नाही.)

त्या जाड पुस्तकाचं आधी बोलू. ते विकू नका, पण पहिल्या पानापासून समजून घेण्याचा हट्टही सोडा. अशा संग्रहात चित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामातलं निवडक तेवढंच येतं. फसलेली, खरवडून काढलेली, अर्धवट सोडलेली चित्रं त्यात नसतात. तुम्ही तुमचं चालू चित्र त्यांच्या निवडक चित्रांशेजारी ठेवताय, मग ते फिकं वाटणारच. दुसरं म्हणजे छापताना सगळी चित्रं एका मापाची होऊन जातात. पिकासोचं 'गेर्निका' तुमच्या पुस्तकात असेल तर पानावर ते वीतभरच असेल. खरं चित्र सुमारे साडेअकरा फूट उंच आणि साडेपंचवीस फूट रुंद आहे. म्हणजे नाटकाच्या पडद्याच्याच घरातलं! एवढ्या कापडावर ब्रश ओढताना खांदा कसा भरून येतो, जवळून रंगवलेला डोळा मागच्या रांगेतून कसा दिसेल याचा अदमास कसा बांधावा लागतो, ते तुम्हाला रोजचं आहे. ते चित्र पाहण्याची जी तयारी तुमच्याकडे आहे, ती पुष्कळ पुस्तकं वाचलेल्या माणसाकडे नसते.

प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात माप दिलेलं असतं, बहुधा सेंटिमीटरमध्ये. तेवढं वाचायला इंग्रजी लागत नाही. खडू घ्या आणि घराच्या बाहेरच्या भिंतीवर त्या मापाची चौकट आखा. व्हॅन गॉगची चांदण्यांची रात्र अडीच बाय तीन फुटांच्या आसपास आहे. ती चौकट आखून तिच्यासमोर उभे राहा, पुस्तक हातात धरा, आणि त्यातला एकेक आकार भिंतीवर किती मोठा येईल ते बोटाने दाखवा. आठवड्याला एकच चित्र, जास्त नको. छापलेल्या रंगावर मात्र फार विश्वास ठेवू नका, तो छापखान्यागणिक बदलतो.

आणि 'गेर्निका'मागे कोणतं वाचन होतं? वर्तमानपत्राचं. 26 एप्रिल 1937 रोजी स्पेनमधल्या त्या गावावर बॉम्ब पडले तेव्हा पिकासो पॅरिसमध्ये होता. गावाचं काय झालं ते त्याला छापून आलेल्या बातम्यांतून कळलं, आणि चित्र त्याने काळ्या, पांढऱ्या, करड्या रंगांतच ठेवलं. वाचन म्हटलं की कलेच्या इतिहासाचे जाड ग्रंथच डोळ्यांसमोर आणायचे, हे तुमच्या मनातून आधी काढायला हवं.

आता तुमची खरी भीती. माझं चित्र माझं राहील का? व्हॅन गॉग 1889-90 मध्ये सेंट रेमीच्या रुग्णालयात होता. बाहेर पडून चित्र काढणं त्याला नेहमी जमत नसे. तेव्हा शेतकऱ्यांची चित्रं काढणाऱ्या मिलेच्या चित्रांचे काळेपांढरे छाप समोर ठेवून त्याने वीसेक चित्रं केली. पेरणी करणारा माणूस, दुपारी गंजीच्या सावलीत झोपलेलं जोडपं. छापात रंग नव्हता, तो त्याने आपल्या मनाने घातला. भावाला पत्रात त्याने लिहिलं, की वादक दुसऱ्याची रचना आपल्या परीने वाजवतो तसं हे आहे. ती चित्रं पाहून कुणाला मिलेची नक्कल वाटत नाही. तुम्हीही हे करून पाहा. पुस्तकातल्या एखाद्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढा, तो काळापांढरा करा, पुस्तक मिटून ठेवा. मांडणी त्याची घ्या, आणि रंग तुमच्या बांधीतला भरा: पऱ्ह्यांचा (धानाच्या रोपांचा) पोपटी, रोवणीच्या चिखलाचा करडा, कार्तिकात लोंब्या वाकल्यावरचा पिवळा. भीती कशाची होती ते तुम्हाला दोन-तीन चित्रांतच समजेल.

इंग्रजी येत नाही म्हणून वाचन अडलं, हे मी मानत नाही. प्रभाकर बरवे हे आपल्याकडचे मोठे चित्रकार. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' 1990 मध्ये आलं, आणि ते त्यांनी मराठीत लिहिलं. वस्तूकडे, आकाराकडे, रिकाम्या जागेकडे चित्रकार कसा पाहतो, याचा विचार त्यात आहे. भराभर वाचायचं पुस्तक नाही ते. एका बैठकीला एक प्रकरण पुरे. महाराष्ट्रातल्या चित्रकार-शिल्पकारांची चरित्रं हवी असतील तर सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड आहे. तो विकत घेऊ नका, ग्रंथालयात बसून चाळा. मराठी विश्वकोशातल्या चित्रकलेवरच्या नोंदी मोबाइलवर फुकट वाचता येतात. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची भारतीय कलेची पुस्तकं हिंदीतही आहेत आणि तीही फुकट उतरवून घेता येतात. आपल्या भागात हिंदी कुणाला परकी नाही.

जुने दिवाळी अंक विसरू नका. चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं एकेकाळी खेड्यापाड्यांत अंकांवरून पोचली. कित्येक घरांत चित्र म्हणून पाहिलेलं पहिलं चित्र तेच असेल. गावच्या वाचनालयात अशा अंकांचे गठ्ठे धूळ खात पडलेले असतात. हे सदर वाचणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, ते गठ्ठे रद्दीत देऊ नका. आधी आतली रेखाटनं मुलांना दाखवा.

पण मला विचाराल तर तुमच्या मंडईच्या चित्राला कलेच्या पुस्तकांपेक्षा दुसरीच पुस्तकं जास्त उपयोगी पडतील. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल, म्हणजे तुमच्या शेजारचंच, त्यांनी वर्षानुवर्षं पायाखाली घातलं आणि त्यावर मराठीत लिहिलं. त्यांचं एखादं पुस्तक वाचून बाहेर पडलात की 'झाडं' म्हणून काही दिसेनासं होतं, एकेक झाड वेगळं दिसायला लागतं. दुसरं नाव ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल: अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या महानुभाव परंपरेतलं, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेलं चक्रधरस्वामींच्या आठवणींचं 'लीळाचरित्र', आणि त्याच्या जोडीला त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांचं चरित्र. भाविकाने ते भक्तीने वाचावं. चित्रकाराला त्यात आणखी एक गोष्ट सापडते. प्रसंग लहान लहान आहेत. माणसं घरात, रस्त्यात, देवळात, जेवायला बसलेली दिसतात. वर्णन थोडकं असतं, आणि ज्या वस्तूचं नाव येतं ती प्रसंगात वापरली जात असते. भाषा जुनी आहे, टिपांसह छापलेली प्रत घ्या. एक लीळा, म्हणजे एक प्रसंग, वाचा आणि ती तुमच्या गावातल्या ओसरीवर घडली असं धरून कागदावर मांडा. कोण कुठे बसेल, दार कोणत्या बाजूला, उजेड कुठून, हे सगळं तुम्हालाच ठरवावं लागेल.

शब्द चित्राच्या मागेच राहावेत असंही नाही. चित्रकार सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे, चित्रकला शिकले नागपुरात, आणि आयुष्याचा मोठा भाग फ्रान्सात राहिले. त्यांच्या 1981 च्या 'माँ' या चित्रावर अशोक वाजपेयींच्या कवितेतली ओळ देवनागरीत लिहिलेली आहे. आणखी जवळचं उदाहरण भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीच्या भाऊ समर्थांचं. नागपुरात राहून ते चित्रं काढत आणि मराठी-हिंदीत लिहीतही. खेड्यातून आलेल्या चित्रकाराने वाचावं-लिहावं, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, त्याकडे येते. तुम्ही कंसात लिहिलंय, की नाटक कंपनीचा माणूस येतो आणि "महाल पायजे, जंगल पायजे, झोपडी पायजे" एवढंच सांगून जातो. भाऊ, तुमच्या धंद्यात एक पुस्तक रोज तुमच्या शेजारी असतं, आणि ते तुम्ही कधी उघडलेलं नाही. नाटकाची वही! या हंगामात ती मागा. पेन्सिल घेऊन वाचा, आणि जिथे जिथे वेळ, हवा, एखादी वस्तू, घराची स्थिती यांचा उल्लेख येईल तिथे रेघ मारा. समजा, दुसऱ्या अंकात सावकार दिवेलागणीला दारात येतो. मग त्याच्यामागची झोपडी भर दुपारच्या उन्हात कशी? त्या घरात कर्ज झालंय, तर कुडाला पोतेरा झालेला असेल का? कंपनी कदाचित म्हणेल, तेवढ्यासाठी नवा पडदा परवडत नाही. खरं आहे त्यांचं, तोच पडदा दहा नाटकांना वापरायचा असतो. तरी पडद्याचा एखादा कोपरा, एखादं दार त्या वहीतून काढा. आणि पडद्यावर नाहीच जमलं, तर तोच प्रसंग स्वतःच्या कागदावर काढा. रेघा मारलेली अशी एक वही संपली, की वाचन आणि चित्र यांचा संबंध काय हा प्रश्न तुम्ही मला पुन्हा विचारणार नाही.

वाचलेल्याचा सारांश लिहायला बसू नका, ते परीक्षेचं काम आहे. एक साधी वही ठेवा. वाचताना जे डोळ्यांसमोर आलं ते तिथल्या तिथे काढा, शेजारी एखादी ओळ आणि एखादा प्रश्न. आणि एक पथ्य पाळा, निदान या वर्षी. एखादं चित्र अर्ध्यावर असताना चित्रांचं पुस्तक उघडू नका. कथा वाचा, कविता वाचा, झाडांवरचं वाचा, पण दुसऱ्याचं पुरं झालेलं चित्र त्या वेळी समोर नको. कुणी याच्या उलटही सांगेल. तुमचा हात नुकताच अडलेला आहे, म्हणून माझा हा आग्रह.

उस्तादांशी वाद घालू नका. पुस्तक वाचून मनगट वळत नाही, हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, आणि तुमचं मनगट त्यांनीच वळवलंय. भिंतीवर 'गेर्निका'ची चौकट आखाल त्या दिवशी त्यांना बोलवा. एवढं मोठं कापड कसं ताणावं, कुठून भरायला घ्यावं, यावर ते तासभर बोलतील, आणि ते तुम्हाला कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.

वहिनींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. दोन एकराच्या घरात खताचे पैसे हे खताचेच असतात. यापुढे हप्त्यावर एकही पुस्तक घेऊ नका, कुणी कितीही मोठं नाव सांगितलं तरी. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं, अ, ब, क, ड अशा दर्जांप्रमाणे, आणि त्यातून पुस्तकं घेतली जातात. तुमच्या जवळच्या वाचनालयात वर सांगितलेल्या दोन-तीन पुस्तकांची लेखी मागणी द्या. चित्रकलेचं पुस्तक कुणी मागतच नाही, म्हणून ते घेतलं जात नाही. तुमच्यासोबत शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींची सही असेल तर आणखी बरं. नागपूरला जाणं झालं तर शासकीय चित्रकला महाविद्यालयात ग्रंथपालांना भेटा आणि तिथे बसून पुस्तकं पाहायची परवानगी मिळेल का ते विचारा. फार तर नाही म्हणतील.

वहिनी बारावी झाल्यात आणि त्यांना वाचायला आवडतं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. चित्रकार एम. एफ. हुसेन सुरुवातीला मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत, म्हणजे तुमच्याच धंद्यातले. पुढे राममनोहर लोहियांच्या सुचवण्यावरून त्यांनी रामायणावर चित्रमालिका केली, तेव्हा पंडितांकडून रामायण समजून घेत ती रंगवली. चित्रकाराने प्रत्येक ओळ स्वतःच्याच डोळ्यांनी वाचली पाहिजे असं काही नाही. रात्री तुम्ही कागद घेऊन बसाल तेव्हा वहिनींनी नाटकाच्या वहीतलं एखादं पान मोठ्याने वाचलं, तर तुमचे डोळे आणि हात दोन्ही मोकळे राहतील, आणि पुस्तकांचा खर्च हा फक्त तुमचा शौक आहे असं त्यांनाही वाटणार नाही. मात्र हे रोवणीच्या दिवसांत विचारू नका, तेव्हा त्यांनाही झोप हवी असते. रोवणी आटपली की विचारा. आणि वाचनालयातून आणायचं पहिलं पुस्तक त्यांना निवडू द्या, मग ते चित्रांचं नसलं तरी चालेल.